बुधवारची फणी

नाही हो, ॲलर्जी-बिलर्जी काही नाही मला. नऊ वर्षं मांजरांच्या केसांत जगतेय. ॲलर्जी असती तर केव्हाच खपले असते. तोंडाला ओढणी बांधते ती वेगळ्या कारणासाठी. सांगते. आधी हिला नीट धरा बघू. मानेला नको, मानेला धरलं की तिला वाटतं भांडण लागलं. एक हात पुढच्या पायांमागे, दुसरा पोटाखाली. हां, बसली बघा शहाण्यासारखी.

आणि सोफ्यावर केस, चपातीत केस, काळ्या ड्रेसवर केस म्हणून रडायचं नाही. मांजर म्हटल्यावर केस गळणारच. थंडी संपली की एकदा गळतात, पाऊस सरला की एकदा गळतात. आतली लोकर उतरवते ती, आपण स्वेटर काढतो तशी. ती लोकर तिनं चाटून पोटात घालायच्या आत आपण फणीनं काढून घ्यायची, एवढंच आपलं काम. नाही काढली तर ती गिळते, मग ओकते, आणि मग तुमचे मला फोन येतात, "छायाताई, मांजर मरतंय." मरत नाही. केसांचा गोळा असतो.

ही बघा काखेत गुठळी. अहो, कात्री कशाला आणताय? ठेवा ती! कात्री लावली की केसाबरोबर कातडी येते. चिमूटभर आरारूट टाकायचं आणि बोटानं सोडवत बसायचं. वेळ लागतो, लागू दे. लोक म्हणतात भादरून टाका सगळी, म्हणजे कटकट मिटेल. भादरायला काय अक्कल लागते? नऊ वर्षांत मी एक मांजर भादरलेलं नाही.

वेळ आहेच, तर ऐका.

मला एक मुलगी, हर्षला. आम्ही मूळचे कडावचे, घरची भातशेती. पण यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, दशरथ नाव त्यांचं, खालापूरला सरकारी कचेरीत नोकरी लागली आणि आम्ही इकडे दहिवलीला दोन खोल्या घेतल्या. मी जनावरांच्या डॉक्टर मॅडमकडे झाडलोट करायला जायचे. तिथंच हे काम शिकले. तेव्हा इकडे तुमच्यासारख्यांचे बंगले उठायला लागले होते आणि प्रत्येक बंगल्यात एकेक लांब केसांचं मांजर. मॅडम म्हणाल्या, छाया, तुझा हात हलका आहे, तू हेच कर.

आमच्या घरात मांजर आलं ते असंच एका बंगल्यातून. खालापूरच्या बाजूचा एक बंगला मालकानं बंद केला आणि मांजर बाहेरच राहिलं. गेटखाली येऊन त्याचा मागचा पाय चिरडला होता. पांढरं, लांब केसांचं, मळून पोतेरं झालेलं. हर्षला तेव्हा बारावीला होती. तिनं ते ओढणीत गुंडाळून आणलं, धुतलं, पुसलं, आणि म्हणाली, "आई, दुधावर येते ना, तशी दिसतेय ही." म्हणून साय. साय वाचली, पण पाय वाकडाच राहिला. तिला उडी मारता येत नाही. आमच्या खिडक्यांना जाळी, दाराला जाळी. डॉक्टर मॅडमकडे नेलं तेवढं सोडलं, तर साय आठ वर्षांत उंबऱ्याबाहेर गेलेली नाही. हे ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

हर्षलाचे केस म्हणजे काय सांगू! कमरेखाली, काळेभोर, हातात मावायचे नाहीत. बुधवारी माझं बाहेरचं काम नसतं. बुधवारी ती न्हायची आणि दुपारी मी तिचे केस विंचरायचे. मी अशी दांडगी, मांजराचं काम फुलासारखं करीन, पण पोरीचे केस ओढायचे. ती डोळे मिटून मान मागे टाकायची आणि म्हणायची, "स्स्, आई, हळू गं!" मी म्हणायचे, ओढल्याशिवाय गुंता सुटतो का कधी?

विंचरून झालं की गळालेले केस बोटाला गुंडाळायचे, त्यांवर दोनदा थुंकायचं आणि बरणीत टाकायचे. आमच्याकडे सगळ्या बायका करतात. केस असे उघडे टाकत नाहीत. कुणाच्या हाती लागले, कुणी काही केलं त्यावर, तर? थुंकलं की त्याची नजर-बाधा जाते. बरणी भरली की जयवंता यायची. केसांवर भांडी देते ती बाई, डोक्यावर पाटी घेऊन फिरते. हर्षलाच्या केसांवर मी दोन कढया आणि एक कुकर घेतलाय. जयवंता ते केस हातात घेऊन म्हणायची, "ताई, असं केस या तालुक्यात दुसऱ्या कोणाचं नाय."

मग या पोरीनं माझ्या तोंडाला काळं फासलं. म्हणजे तेव्हा मी असंच म्हणायचे. कडावच्या रस्त्याला एक रोपांची नर्सरी आहे, तिथं ती हिशेबाला होती. तिथं सुनील नावाचा पोरगा कलमं बांधायचा. डोंगरातल्या आदिवासी वाडीवरचा, ठाकरांचा. एक दिवस दोघांनी जाऊन लग्नाची नोंद केली आणि मला फोन केला. फोन! मी म्हटलं, परत तोंड दाखवू नको. ती म्हणाली, "आई, तू एकदा त्याच्या आईला भेट तरी." मी फोन आपटला.

आणि त्या दिवशी मी तिच्या नावानं आंघोळ केली. तुम्हाला माहीत नसेल. माणूस गेलं की करतात तशी. जिवंत पोरीच्या नावानं डोक्यावरून पाणी ओतून घेतलं आणि शेजारपाजारच्या बायकांसमोर सांगितलं, मला मुलगी होती, ती मेली. यांनी मात्र केली नाही. बादली भरून ठेवली होती मी त्यांच्यासाठी. ते म्हणाले, "मी नाय करत असली आंघोळ. माझी पोरगी जिवंत हाय." आणि चप्पल घालून निघून गेले. त्यानंतर आमचं बोलणं म्हणजे जेवण वाढलं का, गॅस संपला का, एवढंच.

आता जे सांगते ते मी कुणाला सांगत नाही. बरणीत तिच्या केसांची शेवटची गुंडाळी राहिली होती. लिंबाएवढी, लाल दोऱ्यानं बांधलेली. जयवंताला देववेना, फेकून देववेना. सायची एक गादी होती. मी शिवलेली, आत मांजरांचीच विंचरलेली लोकर भरलेली. मी तिची शिवण उसवली, गुंडाळी आत कोंबली आणि म्हटलं, "माणसं नको झाली ना तुला? लोळ मग मांजराखाली." आणि थुंकले. नजर उतरवायला थुंकतात तशी नाही हो. तोंड भरून थुंकले. मग गादी शिवून टाकली.

साय आली, गादीचा वास घेतला आणि तिच्यावर गोल फिरून झोपली.

महिनाभर गेला. बुधवारची दुपार मला खायला उठायची. हात रिकामे. म्हणून मी साय घेऊन बसायला लागले. पहिल्याच बुधवारी फणीत पांढऱ्या लोकरीबरोबर एक काळा केस आला. लांब, माझ्या कोपरापर्यंत. मी उजेडात धरून पाहिला. टोकाला मूळ होतं, पांढरं, ओलसर. माझे केस खांद्यापर्यंत आणि अर्धे पिकलेले. घरात दुसरं बाईमाणूस नाही. मी स्वतःला म्हटलं, असेल कुठं जुना अडकलेला. लोकरीबरोबर बोटाला गुंडाळला, सवयीनं थुंकले, बरणीत टाकला.

पुढच्या बुधवारी तीन आले. त्याच्या पुढच्या बुधवारी बट आली.

वरवर अडकलेले नव्हते हो ते. मला काय मांजराचे केस नवीन आहेत? फुंकर मारून लोकर बाजूला केली तर कातडीपाशी काही दिसायचं नाही. पांढरी स्वच्छ लोकर. आणि फणी फिरवली की त्याच जागेतून काळा केस निघायचा, निघतच राहायचा, हातभर. साय कधी बोचकारायची नाही. पण एकदा मी जरा जोरात ओढली, तर तिनं डोळे मिटले, मान मागे टाकली आणि तोंडातून आवाज केला, स्स्. माझ्या हातातली फणी खाली पडली. भर दुपार, बाहेर भाजीवाल्याचा टेंपो ओरडतोय, आणि मी मांजराच्या तोंडाकडे बघत बसलेली.

त्या दिवशी हे घरी आले तेव्हा मी बरणी त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी पाहिलं. मग म्हणाले, "गादीतलं असतील. तूच कोंबलंस ना? मी पायलं होतं."

मला एकदम हायसं वाटलं. खरंच की! गादीतून निघून अंगाला चिकटत असणार. मीच वेडी. तिथल्या तिथं गादी उसवली, सगळी लोकर बाहेर काढली. आत लाल दोऱ्याची गुंडाळी होती. लिंबाएवढी ठेवली होती, लिंबाएवढीच होती. गाठ मी मारलेली, तशीच. एक केस सुटलेला नव्हता. मी ती नाकाला लावली. माझ्या हातच्या तेलाचा वास, माका आणि जास्वंद. मग बरणीतले केस नाकाला लावले. त्यांना तेलाचा वास नव्हता. धुराचा होता. चुलीवर लाकूड पेटवल्यावर केसांना लागतो ना, तो. आमच्या घरात वीस वर्षं गॅस आहे.

यांनीही वास घेतला. गादीतली ती गुंडाळी उचलून देवळीत ठेवली आणि हात जोडले. मला राग आला. म्हटलं, नाटकं नकोत. पण गुंडाळी तिथंच राहू दिली.

केस यायचे थांबले नाहीत. गणपती झाले, दिवाळी झाली. मी कुणाला विचारलं नाही, मांत्रिकाकडे गेले नाही. खरं सांगू? मला बुधवारची वाट बघायची सवय लागली होती. मी दार लावून घ्यायचे, साय मांडीवर घ्यायचे आणि विंचरायचे. तोंडानं शिव्या चालूच. भवाने, काय कमी केलं होतं तुला, कुठं जाऊन पडलीस. आणि शेवटी केस गुंडाळून थुंकायचे. दोनदा थुंकायचं असतं. मी किती वेळा थुंकायचे, मोजलं नाही.

दिवाळीनंतर केस बदलले.

आधी तुमच्या मांजराचं सांगते म्हणजे कळेल. हिचा केस बघा, बोटात धरला की चमकतो, ताणला तर तुटत नाही. खाणं पोटात लागतंय, आत सगळं ठीक आहे, हे केस सांगतो. मांजर आजारी पडलं की डोळ्याच्या आधी केस बोलतो. निस्तेज होतो, कोरडा पडतो, मधेच तुटतो, कातडीवर कोंडा येतो. मॅडम म्हणायच्या, छाया, रिपोर्ट यायच्या आधी तुला कळतं.

तर मला कळत होतं. काळे केस बारीक व्हायला लागले. गवतासारखे रखरखीत. ओढायलाच लागायचं नाही, फणी टेकवली की मुठीनं निघायचे. आणि त्याच वेळी सायची लोकर गेली. मानेवर चट्टा पडला, कानामागे दुसरा. मी मांजराला धरून बसले. उकडलेलं अंडं दिलं, बिनमिठाची मांदेली उकडून काटे काढून दिली, पाण्याची वाटी चार ठिकाणी ठेवली. डॉक्टर मॅडमकडे नेली. त्यांनी कातडी खरवडून पाहिली, रक्त पाहिलं. म्हणाल्या, "छाया, हिला काही झालेलं नाही. ठणठणीत आहे. मांजरं कधीकधी घरच्यांचं टेन्शन घेतात. घरात कुणी आजारी आहे का?"

मी म्हटलं, "नाही. आम्ही दोघंच असतो."

घरी येताना रिक्षात साय माझ्या मांडीवर होती आणि मी रस्ताभर एकच म्हणत होते, मांजराचंच काहीतरी आहे, मांजराचंच. आत कुठंतरी ठाऊक होतं हो. सगळं ठाऊक होतं. पण नऊ वर्षं जी बाई मांजराच्या एका केसावरून दुखणं सांगते, तिला पोरीचं दुखणं ओळखायला लाज वाटत होती. कारण ओळखलं की जावं लागणार. आणि गेलं की त्या ठाकरणीच्या उंबऱ्यात उभं राहावं लागणार.

शिमग्याच्या आधी जयवंता आली. पाटी उतरवून ओट्यावर बसली. मी बरणी आणून दिली. का दिली? घरात ठेवायची भीती वाटायला लागली होती. तिनं केस बाहेर काढले, लोकर बाजूला केली, एक बट दोन बोटांत चोळली, उजेडात धरली. मग माझ्याकडे पाहिलं.

"ताई, पोर कधीपासनं आजारी हाय?"

"कोण पोर?"

"तुमची. हे केस मी चार वर्षं घेतेय, मला का कळायचं नाय? यो मूळ बगा, सुकलाय. यो तापात गळलेला केस हाय. आन् यो तर परवाचा. डॉक्टरला दाखवलंत का?"

माझी जीभ बघा कशी! मी म्हटलं, "मला मुलगी नाही. होती ती मेली."

जयवंतानं केस बरणीत घातले, झाकण लावलं आणि बरणी माझ्या पुढ्यात सरकवली. "मग हे मी घेत नाय, ताई. मेलेल्याचं केस आमी घेत नाय." पाटी उचलली आणि गेली. पाणीसुद्धा प्यायली नाही.

तो शुक्रवार होता. मी म्हटलं, उद्या जाते. शनिवारी तुमच्यासारख्यांची मांजरं होती. रविवारी म्हटलं, यांच्याबरोबर जाईन, पण यांना सांगायला तोंड उघडेना. सोमवार गेला, मंगळवार गेला.

बुधवारी दुपारी मी साय मांडीवर घेतली. फणी फिरवली. फणी स्वच्छ आली.

काळा केस नाही. म्हटलं बरं झालं. परत फिरवली, पाठीवर, पोटाखाली, मांडीच्या मागं. पांढराही केस नाही. फाल्गुन महिना होता, तेव्हा मांजर विंचरलं की उशी भरेल एवढी लोकर निघते. एक केस नाही! मी उलटी फणी फिरवली, बारीक दातांची घेतली, शेवटी बोटांनी ओढून पाहिलं. लोकर अंगाला घट्ट, बाहुलीला चिकटवलेली असते तशी. स्टीलची फणी नुसती चमकत होती. सगळी गिऱ्हाईकं माझ्याकडे हेच मागत असतात ना, केस गळायचे थांबवा? थांबले होते. आणि साय माझ्याकडे टक लावून बघत होती. ना मान मागे टाकत होती, ना डोळे मिटत होती.

मी कचेरीत फोन लावला. म्हटलं, "अहो, घरी या." एवढंच.

अर्ध्या तासात आले. खालापूरहून अर्ध्या तासात म्हणजे स्कूटर कशी हाणली असेल बघा. दारातच म्हणाले, "काय झालं?" मी फणी दाखवली. त्यांनी फणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, स्कूटर वळवली आणि म्हणाले, "बस."

कडाव मागं टाकलं, नर्सरी मागं टाकली, मग कच्चा रस्ता. दोन ठिकाणी फाटे होते. त्यांनी कुणाला विचारलं नाही. मी मागून म्हटलं, "तुम्ही येता वाटतं इकडं?"

"दिवाळीपर्यंत येत होतो. मंग तीच म्हणाली, बाबा, पुढच्या येळी आईला घेऊन ये. नायतर तू पन नको येऊस." स्कूटर खड्ड्यातून काढत म्हणाले, "मी तुला कसं सांगणार होतो? तू तर आंघोळ करून बसलीस."

रस्ता संपला तिथं स्कूटर लावली आणि चढ चढलो. ऊन मी म्हणत होतं. वाडीवर सगळीकडे सामसूम, माणसं कामावर गेलेली. तिसऱ्या घराच्या दारात एक बाई उभी होती, माझ्याच वयाची. सारवलेलं अंगण, कोपऱ्यात नर्सरीतल्या पिशव्यांतून लावलेली मोगऱ्याची झाडं. तिनं यांना ओळखलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि कळलं तिला. मला वाटलं, आता ही बोलणार. बोलायला हवं होतं तिनं. मी तिच्या जागी असते तर अंगणात पाय ठेवू दिला नसता.

ती आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. "मी पारू," म्हणाली. "सुनील गाडी आनाया गेलाय सकालपासनं. औषद चालू व्हतं, ताप उतरला व्हता, परत उलाटला. आज मोठ्या दवाखान्यात नेयाची."

आत अंधार होता, धुराचा वास होता. तोच वास. भिंतीजवळ गोधडीवर माझी हर्षला पडली होती. मी आधी ओळखलीच नाही. डोकं पूर्ण भादरलेलं.

पारू मागून हळू म्हणाली, "काल काढलं. लय गुंता झाला व्हता. चार दिस हातानं सोडवत बसले, तेल घालून, एकेक बट. सुटना. आन् हात लावला का मूठभर निघायचं. मंग पोरीच म्हनाली, काढा." तिचे डोळे भरले होते. "असं केस काढताना हात धजना माजा."

काल काढले. म्हणून आज फणी रिकामी. मी गोधडीशी बसले. ज्या बाईच्या उंबऱ्याला यायची मला लाज वाटत होती, ती चार दिवस माझ्या पोरीचा गुंता बोटांनी सोडवत होती.

मी हर्षलाचं डोकं मांडीवर घेतलं. भाजत होतं. त्या उघड्या डोक्यावर हात ठेवला तशी तिनं डोळे मिटले आणि मान मागे टाकली. सायसारखी. नाही, साय तिच्यासारखी.

"आलीस?" ती म्हणाली. ओठ फुटले होते. "आज ओढलं नाय तू."

"काय गं?"

"बुधवार ना आज? दर बुधवारी दुपारी विंचरतेस ना मला. कातडी ओढली जायची, मला कळायचं, तुझाच हात. मी ह्यांना सांगायची, आई विंचरतेय. हे म्हणायचे, ताप डोक्यात गेलाय." जरा हसली. "ओढतेस लय. पण बरं वाटायचं. वाटायचं, राग गेला असेल."

मी नुसता हात फिरवत राहिले.

"फक्त शेवटी थुंकू नको गं, आई. तोंडावर येते."

मी पारूकडे पाहिलं. पारूनं मान खाली घातली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "दर बुदवारी दुपारी गाल वला व्हायाचा तिचा. घाम न्हवता तो. मी पुसायची."

मी सांगणार होते, अगं, नजर लागू नये म्हणून थुंकतात, सगळ्या आया थुंकतात. ओठापर्यंत आलं होतं. आणि तिचे डोळे माझ्याकडे लागलेले, ऐकायला. तिला तेच ऐकायचं होतं हो. पण खोटं बोलवेना. मी दोन्ही हातांनी माझं तोंड दाबलं आणि ढसाढसा रडले. तिला कळलं. माझी लेक आहे ती, तिला कळणार नाही? तिनं नुसता गाल माझ्या गुडघ्यावर टेकवला, तो, पुसलेला.

वाचली. अकरा दिवस दवाखान्यात होती. पारू रात्री बसायची, मी दिवसा. सुनील धावपळ करायचा. पोरगा चांगला आहे, माझ्यापेक्षा शांत. आता हर्षलाचे केस बोटभर आलेत. बुधवारी येते कधीकधी, पारूबरोबर येते. दोघी बसतात आणि मी साय विंचरते. पांढरी लोकर निघते, ढीगभर, नुसती पांढरी. मी साय विंचरते आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून हर्षलाची मान बघत असते. हलत नाही. देवाची कृपा.

ती देवळीतली गुंडाळी? ती मी तिच्या हातात दिली आणि पाया पडले. आईनं लेकीच्या पाया पडू नये म्हणतात. पडले.

झालं, ही बाजू झाली. वळवा आता हिला. हे बघा, केवढी लोकर निघाली. आता ही मी गुंडाळते, तोंडाला ओढणी आहेच. तोंडाला जुनी सवय आहे, माझ्या नकळत थुंकेल. आणि तुमच्या या मांजराच्या केसांत कुणाचं डोकं आहे, मला काय माहीत?